टब कुणासाठी भरला होता?

३ मे २००१. अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात, ह्यूस्टनच्या क्लियर लेक भागातलं एक घर. आंघोळीची वेळ नसताना, भर दिवसा, घरातल्या बाईने बाथटब भरायला घेतला. मदतीला आलेल्या सासूने विचारलं, पाणी कशाला? लागेल कदाचित, एवढंच उत्तर आलं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांची वेळ आधीच ठरलेली होती. तिथून तिला रुग्णालयात दाखल करून घेतलं गेलं. टबाचा अर्थ लावायला कुणाला फार विचार करावा लागला नाही. या बाईने दोन वर्षांपूर्वी दोनदा जीव द्यायचा प्रयत्न केला होता, म्हणजे आता बुडून मरायचा बेत असणार. त्या अंदाजावर उपचार झाले आणि साधारण दहा दिवसांनी ती घरी आली.

२० जून २००१ रोजी सकाळी नवरा कामावर गेला. सासू यायला सुमारे तासाभराचा अवकाश होता. तेवढ्या वेळात तिने आपली पाचही मुलं त्याच टबात बुडवून मारली. थोरला सात वर्षांचा होता, धाकटी सहा महिन्यांची. मग तिनेच पोलिसांना फोन केला. पुढे चौकशीत तिने सांगितलं की ३ मेचा टबही मुलांसाठीच भरला होता, त्या दिवशी फक्त ते केलं नाही.

अँड्रिया येट्सचं हे प्रकरण जगभर गाजलं आणि त्यावर मुख्यतः दोनच प्रश्नांवर चर्चा झाली. ती वेडी होती की दुष्ट, आणि तिला फाशी व्हावी की नाही. मला त्या टबापाशी थांबायचं आहे. त्याच घरात, तशाच आजाराचा पुरुष असता आणि त्याने असा टब भरला असता, तर ‘हे कुणासाठी?’ असा प्रश्न कुणीतरी विचारला असता असं मला वाटतं. बाईच्या बाबतीत तो विचारला गेला नाही, कारण उत्तर सगळ्यांना आधीच ठाऊक होतं.

आधीची सात वर्षं

अँड्रियाचा जन्म १९६४ चा, ह्यूस्टनमधलाच. शाळेत पहिली आलेली मुलगी. पुढे एम. डी. अँडरसन कर्करोग केंद्रात परिचारिका होती. १९९३ मध्ये लग्न झालं. १९९४ ते २००० या काळात चार मुलगे आणि एक मुलगी. मुलांना घरीच शिकवायचं ठरलं होतं, त्यामुळे पाच मुलांचा सांभाळ, शाळा, स्वयंपाक असं सगळं दिवसभर एकाच बाईच्या अंगावर. दारू नाही, अमली पदार्थ नाहीत, पोलिसांत नोंद नाही, कुणावर हात उगारल्याची तक्रार नाही.

पहिल्या बाळंतपणानंतर कुणाला तरी सुरीने भोसकलं जात असल्याचं दृश्य तिच्या डोळ्यांपुढे आलं होतं. हे तिने तेव्हा कुणालाच सांगितलं नाही, ते बाहेर आलं अटकेनंतर. बाळंतिणींना असे नकोसे विचार येणं तसं दुर्मीळ नाही, आणि बहुतेकींच्या बाबतीत ते विचारच राहतात. पण ते बोलून दाखवायचं तर ऐकणारा ‘ही कसली आई’ म्हणणार आणि कदाचित मुलंच काढून घेतली जाणार, ही भीती असते. भासाविषयी न बोलणं हे मनोविकृतीत, म्हणजे भास आणि भ्रमांमुळे वास्तवाशी नातं तुटणाऱ्या आजारात, नेहमीचंच. इथे आईपणाने त्याला आणखी एक कुलूप लावलं.

चौथ्या मुलाच्या जन्मानंतर, जून १९९९ मध्ये तिने गोळ्यांचा मोठा डोस घेतला. पुढच्याच महिन्यात गळ्याला सुरी लावली. मनोविकृतीच्या लक्षणांसह तीव्र नैराश्य असं निदान झालं. हॅलोपेरिडॉल हे मनोविकृतीवरचं जुनं, खात्रीचं औषध सुरू झालं आणि ती स्पष्टपणे सुधारली. तेव्हाच्या मनोविकारतज्ज्ञांनी बजावलं होतं की आणखी एक मूल झालं तर हा आजार परत येणारच. मार्च २००० मध्ये औषध थांबलं. त्याच वर्षी ३० नोव्हेंबरला पाचवं बाळ, मुलगी, जन्मली.

१२ मार्च २००१ रोजी अँड्रियाचे वडील वारले. त्यानंतर घसरण झपाट्याने झाली. बोलणं जवळजवळ बंद, तान्ह्या मुलीला पाजणं बंद, स्वतःला इजा करणं, बायबलचं झपाटल्यासारखं वाचन. मार्चअखेर ते मे या काळात ती दोनदा रुग्णालयात राहून आली. हॅलोपेरिडॉल पुन्हा दिलं गेलं आणि जूनच्या सुरुवातीला पुन्हा बंद झालं. १८ जूनला, म्हणजे घटनेच्या दोन दिवस आधी, ती डॉक्टरांना भेटली. नैराश्यावरच्या गोळ्यांत बदल झाला, हॅलोपेरिडॉल परत सुरू झालं नाही. तिला मुलांसोबत एकटी ठेवू नये असं सांगितलेलं होतं. पण तिने हळूहळू स्वतःच्या पायावर उभं राहावं म्हणून सकाळ-संध्याकाळ एकेक तास एकटीला सोडायला घरच्यांनी सुरुवात केली होती. तो सकाळचा तास.

इथे कुणा एकाकडे बोट दाखवणं सोपं आहे. डॉक्टर, नवरा, विमा, धर्म, सगळ्यांकडे बोटं दाखवून झाली आहेत. मला त्यात फारसं हशील वाटत नाही. तिच्या नोंदींत ‘आत्महत्येचा धोका’ वारंवार दिसतो. सगळे तिला तिच्यापासूनच वाचवत होते.

धोका मोजायची पट्टी

हिंसेचा धोका मोजायला न्यायवैद्यक मनोविकारशास्त्रात, म्हणजे गुन्हे आणि कोर्टाशी संबंध येणाऱ्या शाखेत, एचसीआर-२० नावाची पद्धत जगभर वापरली जाते. १९९५ मध्ये ती प्रथम आली, १९९७ मध्ये सुधारली. वीस मुद्दे, त्यातले पहिले दहा भूतकाळाचे. मे २००१ मधल्या अँड्रियाला कुणी ही पट्टी लावली होती असं नाही. मी ती आज लावून पाहतो आहे, निव्वळ विचार म्हणून.

पूर्वीची हिंसा? नाही. कोवळ्या वयात पहिली हिंसा? नाही. अस्थिर संबंध? आठ वर्षांचा संसार. नोकरीच्या अडचणी? नाहीत. व्यसन? नाही. गंभीर मानसिक आजार? होय. सायकोपथी, म्हणजे दुसऱ्याबद्दल कणव किंवा अपराधभाव नसलेला स्वभाव? नाही. बालपणी बिघडलेलं वर्तन? वर्गात पहिली. व्यक्तिमत्त्व विकार? नाही. देखरेखीत किंवा उपचारात खंड? याला होय म्हणता येईल. दहांपैकी दोन. उरलेले दहा मुद्दे सध्याच्या स्थितीचे आणि पुढच्या परिस्थितीचे आहेत, तिथे तिचे गुण चढले असते. पण नोंदवही हातात घेणाऱ्या माणसाची नजर आधी भूतकाळाच्या पानावर जाते, आणि ते पान जवळजवळ कोरं होतं.

ही पट्टी खोटी नाही. ती ज्यांच्यावर घासूनपुसून तयार झाली, ते बहुतांशी पुरुष होते. ते ओघानेच आलं. जगभरात खुनाच्या आरोपींत दहापैकी नऊच्या आसपास पुरुष असतात आणि न्यायवैद्यक मनोरुग्णालयांतही स्त्रियांच्या खाटा थोड्याच. गंभीर मानसिक आजार असलेल्या हिंसक पुरुषाचं ठरावीक चित्र असं: तरुण वय, स्किझोफ्रेनिया, सोबत दारू किंवा नशा, औषध सोडलेलं, आधीचे गुन्हे, लहानपणापासूनची मारामारी. स्त्रियांचं चित्र वेगळं निघतं. वय जरा जास्त, आधीचे गुन्हे कमी, पण मनोविकार विभागातल्या वाऱ्या जास्त. भावनिक अस्थिरतेचा व्यक्तिमत्त्व विकार, स्वतःला इजा करणं, बालपणी सोसलेला छळ, हे अधिक वेळा. आणि बळी बहुतेक घरातला: मूल, जोडीदार, आईवडील.

नेदरलँड्समधल्या संशोधकांनी पुढे या पट्टीला स्त्रियांसाठी पुरवणी जोडली, तिची इंग्रजी आवृत्ती २०१२ ची. त्यात भर घातलेले मुद्दे पाहिले की अँड्रियाची फाईल आठवल्याशिवाय राहत नाही. आत्महत्येचे प्रयत्न आणि स्वतःला इजा करणं, मूल वाढवण्यातल्या अडचणी, मुलांच्या सांभाळाची झेपेनाशी जबाबदारी. म्हणजे ज्या गोष्टी २००१ मध्ये ‘ही स्वतःच्या जिवाचं काही करेल’ या रकान्यात जात होत्या, त्या आता ‘ही दुसऱ्याचं काही करेल का?’ या रकान्यातही पाहायच्या. मी याला मोठी गोष्ट मानतो, कारण इतकी साधी दुरुस्ती यायला २०१२ उजाडावं लागलं.

डॉक्टरांची स्वतःची नजर तरी काय सांगते? पिट्सबर्गमधल्या मानसिक आपत्कालीन विभागातला एक अभ्यास १९९३ मध्ये प्रसिद्ध झाला. कोणता रुग्ण पुढे हिंसा करील याचा अंदाज डॉक्टरांना विचारून सहा महिने पाठपुरावा केला गेला. पुरुषांबाबतचे अंदाज नाणं उडवण्यापेक्षा बरे निघाले, स्त्रियांबाबतचे नाहीत. स्त्रियांकडून होणाऱ्या हिंसेला डॉक्टरांनी सरसकट कमी लेखलं होतं.

त्याच दशकात मॅकआर्थर अभ्यास झाला. तीन शहरांतल्या मनोविकार विभागांतून घरी गेलेल्या १,१३६ रुग्णांचा त्यात पाठपुरावा होता. त्यातल्या स्त्री-पुरुष तुलनेचा निष्कर्ष २००३ मध्ये आला. घरी गेल्यावर पहिल्या काही आठवड्यांत पुरुष थोडे अधिक हिंसक असावेत. पण वर्षभराचा हिशेब केला तर हिंसा करणाऱ्यांचं प्रमाण दोन्हींकडे जवळपास सारखं. फरक होता तो कुठे, कुणावर आणि कशानंतर यात. पुरुषांच्या हिंसेआधी दारू किंवा नशा जास्त वेळा होती, औषध सुटलेलं होतं, जखमा गंभीर होत्या आणि अटकही जास्त झाली. स्त्रियांची हिंसा घरात आणि घरच्या माणसांवर.

घरातल्या हिंसेला साक्षीदार कमी, तक्रार कमी, अटक कमी. म्हणजे नोंद कमी. आणि पट्टी नोंदीवरच चालते. हे चक्र असंच फिरत राहतं.

पटींचा घोळ

आकड्यांचं एक कोडं इथेच सोडवून टाकतो, कारण त्याने भल्याभल्यांचा गोंधळ होतो. २००९ मध्ये स्किझोफ्रेनिया आणि इतर मनोविकृती असलेल्या १८,४२३ जणांवरच्या वीस अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. सर्वसाधारण लोकांच्या तुलनेत हिंसेची शक्यता पुरुष रुग्णांत १ ते ७ पट, तर स्त्री रुग्णांत ४ ते २९ पट निघाली. मग मनोविकृती झालेल्या स्त्रिया पुरुषांपेक्षा धोकादायक म्हणायच्या का?

नाही. समजण्यापुरते काल्पनिक आकडे घेऊ. हजार निरोगी पुरुषांत वीस हिंसक असले आणि आजाराने ते प्रमाण चौपट झालं तर ऐंशी. हजार निरोगी स्त्रियांत दोनच हिंसक असल्या आणि प्रमाण दहापट झालं तरी वीसच. पट मोठी दिसते ती पाया लहान असल्यामुळे. निरोगी पुरुषांत हिंसेची इतर कारणं इतकी आहेत की आजाराची भर त्या गर्दीत हरवते. स्त्रियांत ती गर्दी नाही. म्हणून हिंसक स्त्री समोर आली की तिच्यामागे आजार असण्याची शक्यता जास्त, आणि हिंसक पुरुष समोर आला की आजार हा अनेक कारणांपैकी एक.

त्याच आढाव्यातला आणखी एक आकडा लक्षात ठेवण्याजोगा आहे. व्यसन सोबत असेल तर जोखीम ८.९ पट, नसेल तर २.१ पट. अँड्रिया त्या कमी जोखमीच्या गटातली होती. मनोविकृती झालेली बहुसंख्य माणसं, पुरुष असोत की स्त्रिया, कुणालाही कधी इजा करत नाहीत. हे लिहायलाच हवं, नाहीतर एका टबाच्या गोष्टीवरून शेकडो बाळंतिणींकडे संशयाने पाहिलं जाईल. प्रसूतीनंतरची मनोविकृती हजार बाळंतपणांत एक-दोघींना होते आणि वेळेवर औषध मिळालं तर त्यातून बरं होण्याची शक्यता चांगली असते.

भ्रमाचा कच्चा माल

बळी घरातलाच का, याचं उत्तर भ्रमातच सापडतं. २० जानेवारी १८४३ रोजी लंडनमध्ये डॅनियल मॅक्नॉटन याने पंतप्रधान पील समजून त्यांचे सचिव एडवर्ड ड्रमंड यांना गोळी घातली. टोरी पक्ष आपल्या मागे लागला आहे, आपल्याला जगू देत नाही, अशी त्याची पक्की समजूत होती. अँड्रियाच्या समजुतीत पक्ष नव्हता, सरकार नव्हतं. तुरुंगातल्या मनोविकारतज्ज्ञांना तिने सांगितलं ते असं: आपण वाईट आई आहोत, आपल्यामुळे मुलं सरळ वाढत नाहीयेत, ती अशीच मोठी झाली तर नरकात जातील. कोवळ्या वयात मेली तर वाचतील. सैतान आपल्यातच आहे, आणि सरकारने आपल्याला मृत्युदंड दिला की तोही संपेल. डोक्याच्या कातडीवर ६६६ ची खूण आहे, असंही ती म्हणत होती.

भ्रम हवेतून येत नाही, माणूस ज्यात दिवसभर जगतो त्याच्यातून येतो. मॅक्नॉटनचा भ्रम राजकारणावर पोसला, अँड्रियाचा संगोपनावर. एकाची गोळी रस्त्यावरच्या अनोळखी माणसाकडे गेली, दुसरीचे हात स्वतःच्या लेकरांकडे. स्त्री-पुरुषांच्या हिंसेतला फरक हार्मोन्समध्ये शोधणाऱ्यांनी आधी त्यांच्या दिवसाचं वेळापत्रक पाहावं, असं मला राहून राहून वाटतं. हार्मोन्सचा वाटा नाकारत नाही, बाळंतपणानंतरच्या आजारात तो असणारच. पण बळी कोण, हे हार्मोन्स ठरवत नाहीत.

अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ फिलिप रेस्निक यांनी १९६९ मध्ये आईबापांनी केलेल्या बालहत्यांच्या १३१ प्रकरणांचा आढावा घेतला होता. त्यात ८८ आया, ४३ बाप. त्यांनी पाडलेल्या पाच प्रकारांत सर्वांत मोठा गट निघाला ‘परोपकारी’ हत्यांचा, म्हणजे मुलाला खऱ्या किंवा काल्पनिक दुःखातून सोडवण्यासाठी मारणं. शब्द ऐकवत नाही, पण त्या आजारी तर्काचं वर्णन नेमकं आहे. तेहतीस वर्षांनी हेच रेस्निक येट्स खटल्यात बचाव पक्षाचे तज्ज्ञ म्हणून उभे राहिले.

कोर्टातली पट्टीही तीच

टेक्सासचा कायदा असा: गंभीर मानसिक आजारामुळे आरोपीला आपलं कृत्य चुकीचं आहे हे कळत नव्हतं, हे आरोपीनेच सिद्ध करायचं. या कसोटीचं मूळ मॅक्नॉटनच्या खटल्यात आहे. आधी टेक्सासात आणखी एक खिडकी होती: चूक कळत असूनही स्वतःला आवरता येत नव्हतं, असं म्हणता यायचं. मार्च १९८१ मध्ये जॉन हिंकलीने अध्यक्ष रेगन यांच्यावर गोळ्या झाडल्या, जून १९८२ मध्ये तो मनोरुग्ण म्हणून निर्दोष सुटला, आणि देशभर उसळलेल्या संतापात टेक्सासने १९८३ मध्ये ती खिडकी बंद केली. म्हणजे मापाचा एक कापड-तुकडा १८४३ च्या मॅक्नॉटनचा, दुसरा १९८१ च्या हिंकलीचा. दोघेही पुरुष, दोघेही सत्ताधाऱ्यांवर पिस्तूल रोखणारे. तो अंगरखा न्हाणीघरातल्या आईच्या अंगावर चढवला गेला.

तिच्यावर पाचपैकी तीन मुलांच्या मृत्यूबद्दल खटला चालला. निदानाच्या तपशिलावर तज्ज्ञांचं एकमत नव्हतं, पण ती गंभीर आजारी होती हे सरकार पक्षालाही मान्य होतं. वाद एका शब्दाचा होता: ‘चुकीचं’. सरकार पक्ष म्हणाला, तिने नवरा जाईपर्यंत वाट पाहिली, कुत्रा कोंडून ठेवला, नंतर स्वतः पोलिसांना बोलावलं, शिक्षेची अपेक्षा केली. म्हणजे कळत होतं. बचाव पक्ष म्हणाला, कायद्याने गुन्हा आहे हे कळत असेलही, पण मुलांना नरकापासून वाचवणं हेच तिच्या लेखी योग्य होतं. १२ मार्च २००२ रोजी आठ स्त्रिया आणि चार पुरुषांच्या ज्युरीने चार तासांच्या आत तिला दोषी ठरवलं. मृत्युदंड टळला, जन्मठेप झाली, चाळीस वर्षांनी पॅरोलचा विचार.

ज्युरीत बायका जास्त म्हणजे आरोपी बाईला सहानुभूती, असा हिशेब कुणी केला असेल तर तो फसला. माझ्या मते अशा खटल्यात आया सगळ्यांत कठोर असू शकतात, पण हा केवळ अंदाज आहे आणि त्याला तेवढंच वजन द्यावं.

ज्युरीला आणखी दोन गोष्टींनी नकळत ढकललं. एक, वेडाच्या कारणाने सुटका झाली तर आरोपी घरी न जाता सुरक्षित रुग्णालयात जातो, हे टेक्सासात ज्युरीला सांगत नाहीत. दोन, कोर्टात बसलेली बाई कित्येक महिने नियमित औषध घेत असलेली, शांत, नीटनेटकी होती. जूनमधली अँड्रिया ज्युरीने पाहिलीच नाही.

सरकार पक्षाचे तज्ज्ञ होते पार्क डिएट्झ, हिंकली खटल्यातही सरकारकडून साक्ष दिलेले. त्यांनी साक्षीत एका लोकप्रिय टीव्ही मालिकेचा उल्लेख केला: आई मुलांना टबात बुडवते आणि वेडाच्या कारणाने सुटते असा भाग घटनेच्या थोडा आधी दाखवला गेला होता. अँड्रिया ती मालिका पाहत असे, हे सरकार पक्षाने त्याला जोडलं. ज्युरीला यातून बेत केल्याचा वास आला तर नवल नाही. असा भाग मुळात बनलेलाच नव्हता. ६ जानेवारी २००५ रोजी अपिलात निकाल रद्द झाला. दुसऱ्या खटल्यात सहा स्त्रिया आणि सहा पुरुषांच्या ज्युरीने तीन दिवस विचार करून २६ जुलै २००६ रोजी तिला मनोविकृतीमुळे निर्दोष ठरवलं.

मधल्या काळात त्याच टेक्सासात दुसरं प्रकरण घडलं होतं. २००३ मध्ये एका आईने देवाची आज्ञा म्हणून आपल्या दोन मुलांना मारलं, तिसरा गंभीर जखमी झाला. डिएट्झ यांनीच तिला वेडी मानलं आणि २००४ मध्ये ती निर्दोष ठरली. त्यांचा तर्क असा की देवाने सांगितलेलं कृत्य करणाऱ्याला ते योग्य वाटतं, सैतानाचा संबंध असेल तर चूक आहे हे कळतं. तर्क म्हणून तो कसोटीला चिकटून आहे, मान्य. पण एकीच्या भ्रमात देव आला आणि दुसरीच्या भ्रमात सैतान, यावर एक रुग्णालयात आणि एक तुरुंगात जाणार असेल, तर कसोटी आजार मोजते की पात्रयोजना, असं विचारावंसं वाटतं.

आईसाठी वेगळा कायदा?

इंग्लंडने हा प्रश्न वेगळ्या वाटेने सोडवला. १९२२ च्या कायद्याची जागा घेणाऱ्या १९३८ च्या कायद्याने, बाळंतपणाच्या परिणामातून आईचं मन ढळलेलं असताना तिने बारा महिन्यांच्या आतलं बाळ मारलं तर तो गुन्हा सदोष मनुष्यवधासारखा धरला जातो. अँड्रियाला हा कायदा लावून पाहा. सहा महिन्यांची मुलगी त्यात बसते. दोन, तीन, पाच आणि सात वर्षांचे मुलगे बसत नाहीत. एकाच आजारातून, एकाच तासात घडलेलं कृत्य वयाप्रमाणे दोन कायद्यांत फाटतं. टेक्सासातही २००९ मध्ये असं विधेयक मांडलं गेलं, ते संमत झालं नाही. २००३ मध्ये तिथे झाला तो साधा कायदा: बाळंतिणीला प्रसूतीनंतरच्या नैराश्याची माहिती द्यायची.

वेगळ्या कायद्याबद्दल माझं मन द्विधा आहे. तो दयाळू आहे, पण बाई बाळंतपणाने वेडी होते आणि पुरुष वेडा होत नाही असंही नकळत म्हणून जातो. रेस्निक यांच्या त्याच १३१ प्रकरणांत आया बहुधा रुग्णालयात गेल्या आणि बाप बहुधा तुरुंगात किंवा फासावर. त्यातले काही बाप तितकेच आजारी असणार. तीव्र नैराश्यात बायको-मुलांना मारून स्वतःला संपवणारा, किंवा संपवताना वाचलेला पुरुष आपल्याला सूड घेणारा राक्षसच दिसतो, आणि कित्येकदा तो तसा असतोही. पण कोण कसा हे तपासायच्या आधीच ठरलेलं असतं. बाईतला धोका घटनेआधी दिसत नाही, पुरुषातला आजार घटनेनंतर दिसत नाही. एकाच नजरेची ही दोन टोकं आहेत.

एका प्रकरणावरून किती म्हणायचं याला अर्थात मर्यादा आहे. अँड्रिया ही न्यायवैद्यक विभागातल्या स्त्रियांची प्रतिनिधी नाही. तिथल्या बऱ्याचजणी गरिबीतून, मारहाणीतून, व्यसनातून आलेल्या असतात. त्यांनी जोडीदारावर किंवा वॉर्डातल्या परिचारिकेवर हल्ला केलेला असतो आणि त्यांच्या खटल्यांना कॅमेरे येत नाहीत. तुरुंगांत तर गंभीर आजार दोन्हीकडे आहेच. चोवीस देशांतल्या कैद्यांचा २०१२ चा आढावा मनोविकृतीचं प्रमाण पुरुषांत ३.६ टक्के आणि स्त्रियांत ३.९ टक्के दाखवतो, तीव्र नैराश्याचं अनुक्रमे १०.२ आणि १४.१ टक्के. या बहुसंख्य स्त्रियांबद्दल लिहिण्यासारखं खूप आहे, पण त्यांच्या फाईलमध्ये असा एखादा टब सापडत नाही.

मुलाखतीपुरतं बोलायचं तर फरक एका प्रश्नाचा आहे. मनोविकृती आणि नैराश्य असलेली आई समोर असेल तर ‘मरावंसं वाटतं का’ यावर थांबायचं नाही. ‘तुम्ही गेलात तर मुलांचं काय होईल असं वाटतं?’ असं विचारायचं. ‘त्यांना माझ्यासोबतच न्यायला हवं’, ‘ती इथे सुरक्षित नाहीत’, ‘त्यांच्यात काहीतरी बिघडलंय’, यांतलं एक वाक्य आलं तरी ती रात्र तिला मुलांसोबत एकटीला काढू द्यायची नाही. आणि विचारायचं ते अशा आवाजात की ‘हो’ म्हटल्यावर पहिली गोष्ट मुलं हिसकावली जाण्याची होणार नाही, हे तिला कळावं. ३ मेला ‘लागेल कदाचित’ असं उत्तर आलं होतं. पुढचा प्रश्न ‘कुणाला?’ हा होता.

२००७ पासून अँड्रिया टेक्सासातल्या केरव्हिल इथल्या सरकारी मनोरुग्णालयात आहे. तिला सोडलं तर इतरांना धोका आहे का, याचा आढावा दरवर्षी कोर्टाकडून करून घेण्याचा तिला हक्क आहे. तो हक्क ती दरवर्षी सोडून देते, असं बातम्यांतून येत असतं.